तुम्हीही शहर वसवू शकता!
रोम-पुणे पद्धतीची सोपी मार्गदर्शिका, फक्त नवशिक्यांसाठी

शहर कसे चालवावे हे पुण्यातल्या प्रत्येकाला माहीत असते. अमृततुल्यच्या बाकड्यावर, पीएमपीच्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत याविषयी तज्ज्ञांचा सल्ला मोफत मिळतो. पण शहर मुळात वसवावे कसे, पहिली कुदळ कुठे मारावी (पुढचे खड्डे आपोआप पडतात), राजा ठेवावा की नाही, ठेवल्यास त्याला कुठे बसवावे, याविषयी मार्गदर्शन करणारे पुस्तक बाजारात नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी ही मार्गदर्शिका.

यात दोन सिद्ध नमुने घेतले आहेत, एक रोम आणि दुसरा पुणे. दोन्ही शहरे नांगराने वसली, दोन्हींच्या कथेत लांडगे आहेत आणि दोन्हीकडे सत्ता राजाच्या हातून कारभाऱ्यांकडे गेली. पूर्वानुभवाची अट नाही. रोम वसवणाऱ्या रोम्युलसलाही अनुभव नव्हता.

साहित्य

नदी एक, उन्हाळ्यात पायी ओलांडता येईल अशी. टेकड्या, मिळतील तितक्या. रोमला सात मिळाल्या म्हणून अडून बसू नये. नांगर एक, फाळासह. बैलजोडी (गाढवे चालणार नाहीत, कारण पायरी ३ मध्ये). लांडगे, चवीनुसार. ग्रामदैवत एक. कायदा जाणणारी माणसे थोडी, कायदा सांगणारी हवी तितकी. आणि एक इतिहासकार, जो घटनेनंतर पुरेशा उशिरा जन्मलेला असावा. रोमला लिव्ही मिळाला. तो स्थापनेनंतर सातशे वर्षांनी लिहायला बसला, त्यामुळे त्याच्या लेखनात ओघ आहे. मराठ्यांचा कृष्णाजी अनंत सभासद शिवाजी महाराजांच्या निधनानंतर वीस वर्षांच्या आतच जिंजीत बखर लिहून मोकळा झाला. इतकी घाई केली की तपशील खरे निघण्याचा धोका असतो.

पायरी १ : जागा निवडणे

नदीला उतार असेल आणि वाटा एकत्र येत असतील अशी जागा धरावी. टायबर नदीच्या मधोमध एक बेट होते, तिथे नदी ओलांडणे सोपे होते आणि किनाऱ्याकडून येणारे मीठ त्याच वाटेने आत जाई. रोम तिथे वसले. पुण्याची मूळ वस्ती मुठेच्या काठी, आजच्या कसब्याच्या उंचवट्यावर. कोकणातल्या बंदरांचा माल घाट चढून देशावर आला की हा प्रदेश वाटेत लागे.

जागा पसंत पडल्यावर लक्षात येईल की तिथे आधीपासून कोणीतरी राहते आहे. घाबरू नये. प्रत्येक संस्थापकाला ही अडचण आली आहे. रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर झोपड्यांच्या खांबांचे खळगे सापडले आहेत आणि त्या परिसरात वस्ती रोम्युलसच्या परंपरागत तारखेच्याही आधीपासून होती. पुण्याचे तर कागदच आहेत, म्हणजे ताम्रपट: राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या ७५८ आणि ७६८ सालच्या दानपत्रांत पुण्याच्या परिसराचा विषय म्हणून, म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा म्हणून, उल्लेख येतो. जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर लेणेही त्याच काळाच्या आसपासचे. तात्पर्य, ‘पहिला’ होण्याचा हट्ट सोडावा आणि ‘पुन्हा वसवणारा’ हे पद घ्यावे. त्यात कष्ट जास्त असतात, पण दावा टिकतो.

पायरी २ : शकुन पाहणे

शहराला शकुन लागतो. रोममध्ये रोम्युलसच्या भावाला, रीमसला, आधी सहा गिधाडे दिसली, रोम्युलसला नंतर बारा. एक म्हणाला पहिली माझी, दुसरा म्हणाला जास्त माझी. निकाल हाणामारीने लागला. धडा असा की शकुनाचा नियम शकुन दिसण्याच्या आधी ठरवून घ्यावा.

पुण्यात शनिवारवाड्याच्या जागेविषयी सांगतात, की बाजीरावाने तिथे सशाला कुत्र्याच्या मागे लागलेले पाहिले. हाच ससा अहमदाबादेत आणि विजयनगरातही दिसल्याचे सांगतात. नवशिक्याने नवा शकुन शोधण्याच्या भानगडीत पडू नये; ससा वापरून पाहिलेला आहे.

पायरी ३ : नांगर फिरवणे

हा या पद्धतीचा मुख्य भाग. नीट वाचावा.

रोमन कृती अशी. पांढरा बैल आणि पांढरी गाय एका जुवाला जुंपावी. नांगराला काशाचा फाळ लावावा. शहराची हद्द आखायची तशी गोल तास काढत जावे आणि ढेकळे सगळी आतल्या बाजूला पडतील हे पाहावे. बाहेर पडलेले ढेकूळ मागून येणाऱ्याने उचलून आत टाकावे. जिथे वेस ठेवायची असेल तिथे नांगर उचलून धरावा, म्हणजे तेवढी जागा न नांगरता राहील. कारण नांगरलेली रेघ पवित्र, ती ओलांडायची नाही. आणि शहरात कचरा, जनावरे, मढी यांची ये-जा तर व्हायचीच. एवढी सोय करूनही रीमसने वेशीतून न येता रेघेवरून उडी मारली आणि भावाने त्याला ठार केले. हद्दीचा वाद शेजाऱ्याशी होण्याआधी घरातच होतो, हे त्यावरून लक्षात ठेवावे.

पुण्याची कृती दोन भागांत आहे आणि क्रम उलटा आहे. १६३० मध्ये आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव पुण्यावर आला. गाव जाळले, वाडे पाडले, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे गाढवांचा नांगर फिरवून जमिनीत पहार ठोकली आणि तिच्यावर फाटकी वहाण टांगली. अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागला नाही: इथे जो राहील त्याचे वाटोळे होईल. (नांगराने वसवलेले नांगरानेच मोडायचे, ही रीत रोमनांनाही ठाऊक होती, कार्थेजवर त्यांनी ती वापरल्याचे त्यांचेच कायदेपंडित लिहून गेले.) त्यानंतर काही वर्षांनी जिजाऊ बाल शिवाजीराजांना घेऊन पुण्यात आल्या. पहार उपटली गेली, सोन्याच्या फाळाचा नांगर धरला गेला, कसब्यातल्या गणपतीचे देऊळ उभे राहिले.

रोम आणि पुणे यांतला फरक इथेच सुरू होतो. कथेतल्या रोम्युलसने मोकळ्या माळावर रेघ ओढली. जिजाऊंनी शापित ठरवलेल्या जमिनीवर, लोक दारातून बघत असताना, पहिला तास काढला. माळावर नांगर धरायला बळ पुरते. पहार उपटायला बळाबरोबर लोकांच्या मनातली भीतीही काढावी लागते. जमीन पुन्हा पिकू शकते हे रयतेला भाषणाने पटत नाही, तासाने पटते.

खबरदारी: नांगराशेजारी नेमके कोण उभे होते, यावर पुढे वाद होऊ शकतो. पुण्यात लाल महालातल्या शिल्पावरून झाला आणि २०१० च्या डिसेंबरात महापालिकेने त्यातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा हलवला. म्हणून शहर वसवताना उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात.

पायरी ४ : माणसे जमवणे

रेघ झाली, आता आत माणसे हवीत. रोम्युलसने कॅपिटोल टेकडीवर आश्रयस्थान उघडले: कर्जबुडवे, पळालेले गुलाम, फरारी, कोणीही या, नाव विचारणार नाही. लोक आले, सगळे पुरुष. मग त्याने शेजारच्या सॅबाइन लोकांना सणाचे आमंत्रण दिले आणि त्यांच्या मुली पळवल्या. ही कृती आज कोणीही करून पाहू नये. दखलपात्र गुन्हा आहे.

पुण्याची कृती सरळ आहे आणि घरी करता येते. जमीन पडीक होती, रानात लांडगे माजले होते. मावळातल्या लोकांना लांडगे मारण्याबद्दल बक्षीस लावण्यात आले, असे जुन्या तवारिखांत येते. रोमच्या संस्थापकांना लांडगीने दूध पाजले. पुण्यात तिच्या भाऊबंदांना मारल्यावर पैसे मिळत. मग कौल दिला गेला: या, कसा, पहिल्या वर्षी सारा नाममात्र, पुढे दरवर्षी थोडा थोडा चढवत नेऊ. याला इस्तावा म्हणत. पडीक जमीन लागवडीखाली आणण्याचा यापेक्षा शहाणा उपाय पुढच्या तीनशे वर्षांत कोणाला सापडलेला नाही. फक्त हल्ली तो कारखान्यांना लागू करतात.

पुढे पेशवाईत पेठा वसवतानाही हेच तंत्र वापरले. पेठ आखायची, शेटे-महाजन नेमायचा, व्यापाऱ्यांना सवलत द्यायची, वाराचे नाहीतर माणसाचे नाव द्यायचे. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावे थोरल्या माधवरावांनी सदाशिव पेठ वसवली. वार सात असतात आणि वाढती वस्ती थांबत नाही, ही अडचण त्याने सुटली.

पायरी ५ : राजा बसवणे

नवशिक्याने सुरुवात राजापासूनच करावी. सोपे पडते. रोमने सात राजे केले. रोम्युलसने शंभर वडीलधाऱ्यांची सीनेट नेमली. नुमाने देवधर्म आणि पंचांग लावून दिले. सर्व्हियस तुलियसने लोकांची आणि त्यांच्या मालमत्तेची मोजदाद केली.

या मोजदादीवरून रोमनांनी मतदानाची जी पद्धत बसवली ती मुद्दाम अभ्यासावी. लोकांचे १९३ गट पाडले, प्रत्येक गटाला एक मत. घोडेस्वारांचे १८ आणि पहिल्या श्रीमंत वर्गाचे ८० मिळून झाले ९८. मतदान श्रीमंतांपासून सुरू व्हायचे आणि बहुमत झाले की थांबायचे. भूमिहीन गरिबांचा गट एकच आणि अगदी शेवटी. म्हणजे मताचा अधिकार सर्वांना होता, पाळी मात्र सर्वांची येत नसे. ज्यांना लोकशाही हवी आहे पण निकालाची जोखीम नको, त्यांनी हा तक्ता भिंतीवर लावावा.

मराठ्यांचा सिंहासनाधीश राजा पुण्यात नव्हे, रायगडावर झाला, ६ जून १६७४ रोजी. त्याच्याभोवती अष्टप्रधान: पेशवा, अमात्य, सचिव, मंत्री, सेनापती, सुमंत, न्यायाधीश, पंडितराव. न्यायाधीश आणि पंडितराव सोडून बाकी सहा जणांनी वेळ पडल्यास लढाईवर जायचे. पगार रोख, जहागीर नाही. आणि पद बापाकडून मुलाकडे जाणार नाही. ही शेवटची अट अधोरेखित करावी, परीक्षेत येते.

ही अट किती मोलाची होती ते ती सुटल्यावर कळले. महाराजांच्या मागे, मोगलांशी झुंज चालू असताना राजाराम महाराजांच्या काळात माणसे धरून ठेवण्यासाठी पुन्हा वतने द्यावी लागली. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांपासून जपून राहा म्हणून इतके बजावले आहे, की वाचताना त्यांनी काय काय पाहिले असेल याचा अंदाज येतो. आज्ञापत्र सर्वांनी वाखाणले. वतने चालूच राहिली.

पायरी ६ : राजा नको झाल्यास

इथे दोन पर्याय आहेत.

पर्याय अ (रोमन): राजाला हाकलून द्यावे. इ.स.पू. ५०९ मध्ये, असे परंपरा सांगते, रोमनांनी उद्दाम टार्क्विनियसला घालवले आणि पुन्हा राजा हे नाव घ्यायचे नाही अशी शपथ घेतली. राजाचे अधिकार मात्र त्यांनी फेकून दिले नाहीत, ते दोन कॉन्सलांना वाटून दिले. दोघांना सारखे अधिकार, एकाने केलेले दुसऱ्याने अडवायचे, आणि बरोबर एक वर्षाने दोघांनीही घरी जायचे. पुढेपुढे कॉन्सल व्हायला बेचाळीस वर्षे वयाची अटही आली.

पर्याय ब (पुणेरी): राजाला हाकलू नये. त्याला साताऱ्यास ठेवावे, मुजरा करावा, पेशवाईची वस्त्रे त्याच्याकडूनच आणावीत आणि कारभार पुण्यात करावा. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथाला पेशवेपद दिले. १७२० मध्ये ते त्याच्या मुलाला मिळाले. हाच तो बाजीराव, ज्याने १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला. १७४० मध्ये पद त्याच्या मुलाकडे गेले. १७४९ मध्ये शाहू महाराज वारले आणि वस्त्रे आणण्याचा प्रवास तेवढा उरला.

आता पेशवा होतेवेळची वये पाहावीत. पहिला बाजीराव, एकोणीस. नानासाहेब, एकोणीस. थोरले माधवराव, सोळा. नारायणराव, सतरा. सवाई माधवराव, चाळीस दिवस. यांतल्या पहिल्या तिघांनी कर्तबगारी गाजवली, हे नशीब. पद्धतीत त्याची हमी कुठेच नव्हती. राजावर वचक म्हणून जे पद असते ते वंशपरंपरेने गेले, की त्याचाच दुसरा राजा होतो आणि त्याच्या खालच्या कारकुनाकडे लोक आशेने पाहू लागतात.

पायरी ७ : रयत रुसल्यास

रयत रुसते. तलवार काढत नाही, गाव सोडून जाते.

इ.स.पू. ४९४ मध्ये रोमचे सामान्य लोक, कर्जाने आणि लढायांनी टेकीला आलेले, शहर सोडून जवळच्या डोंगरावर जाऊन बसले. ना दगडफेक, ना जाळपोळ. शहरात श्रीमंत उरले आणि त्यांची भाकरी भाजायला कोणी उरले नाही. काही दिवसांत तडजोड झाली: सामान्यांनी आपले ट्रिब्यून निवडायचे, त्यांच्या अंगाला हात लावणारा शापित, आणि ट्रिब्यूनच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे. कॉन्सलच्या हुकुमालाही तो आडवा येऊ शकत असे.

दख्खनच्या रयतेला हे हत्यार चांगले ठाऊक होते. सारा झेपला नाही, पाटलाने किंवा देशमुखाने गांजले, की कुटुंबे रातोरात परागंदा होत आणि दुसऱ्याच्या मुलखात जमीन कसू लागत. काळी, म्हणजे शेतजमीन, ओस पडली की पांढरी, म्हणजे वस्तीही, ओस पडे आणि सरकारचा वसूल बुडे. मग सरकारातून कौल निघे, मागची बाकी माफ, परत या. रयत परत येई. नवशिक्याने दोन्ही तडजोडी शेजारी ठेवून पाहाव्यात. रोमनांनी परतताना एक पद आणले. आपल्या रयतेने कागद आणला. कागदावर सवलत होती आणि देणाऱ्याचा शिक्का होता. पुढल्या वर्षी शिक्का बदलला की पुन्हा परागंदा व्हायचे.

गावात आवाज नव्हता असे मात्र नाही. वतनाचा तंटा गोतसभेपुढे जाई. पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, सुतार-लोहारांपासून महारापर्यंत बलुतेदार बसत आणि निकालाचा महजर होई. असा एखादा महजर पुराभिलेखागारात पाहायला मिळाला तर मजकुराआधी खालचा भाग पाहावा. मोडीतल्या ओळी संपल्या की साक्षीदारांची नावे आणि ज्याला लिहिता येत नाही त्याची निशाणी: पाटलाच्या नावापुढे काढलेला छोटासा नांगर, इतरांच्या नावांपुढे त्यांच्या त्यांच्या धंद्याचे हत्यार. ज्या नांगराने गाव वसते तोच इथे सही होऊन बसलेला असतो. पण गोतसभेत बसणारा प्रत्येकजण आपल्या वतनाच्या जोरावर बसे. ज्याला वतन नाही, त्याच्या नावाची ओळ नाही.

पायरी ८ : पाणी, सांडपाणी आणि कोतवाल

राज्यघटनेचा कंटाळा आला असल्यास ही पायरी आधी करावी. लोक तिच्यावरूनच तुम्हाला ओळखतील. रोमच्या राजांनी दलदलीतून गटार काढले, क्लोआका मॅक्सिमा. तिचे तोंड आजही टायबरमध्ये उघडते. इ.स.पू. ३१२ मध्ये पहिला पाट आला, बहुतेक जमिनीखालून. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरापर्यंत जमिनीखालून पाणी आणले, जागोजाग उच्छ्वास ठेवले, पेठांत हौद बांधले. पर्वतीच्या पायथ्याचा तलाव करताना आंबिल ओढ्याचा प्रवाहही वळवला. ओढा वळवणे सोपे असते. ओढ्याला ते विसरायला लावणे अवघड. २०१९ च्या सप्टेंबरात त्याने पूर आणून आठवण करून दिली.

व्यवस्थेसाठी कोतवाल नेमावा. पेशवाईतल्या कोतवालाकडे रात्रीची गस्त होती. शिवाय बाजारभाव, वजनमापे, घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद, शहरात आला कोण आणि गेला कोण याचा हिशेब, सगळे त्याच्याच चावडीवर. इतकी कामे एका माणसाकडे दिली की तो कार्यक्षम होतो. मग त्याच्यावर कोण, हा प्रश्न विचारायचे राहून जाते. घाशीराम कोतवालाच्या बाबतीत १७९१ पर्यंत राहून गेले. कोठडीत कोंडलेले लोक गुदमरून मेले तेव्हा शहर उठले, नाना फडणवीसांना आपला माणूस जमावाच्या हवाली करावा लागला आणि दगडांनी निकाल लागला. ज्या कारभारात तक्रारीला दार नसते, तिथे तक्रार एकदाच आणि अशी येते.

पायरी ९ : आणीबाणी

संकटात सगळे अधिकार एकाकडे द्यावे लागतात. रोमनांनी त्याला डिक्टेटर म्हटले आणि सहा महिन्यांची मुदत घातली. इ.स.पू. ४५८ मध्ये सैन्य वेढ्यात सापडले तेव्हा सीनेटचे दूत सिनसिनाटसकडे गेले. तो शेतात नांगर धरून होता. घाम पुसून त्याने अधिकारवस्त्र घातले, लढाई जिंकली आणि सोळाव्या दिवशी पद सोडून परत नांगराला गेला. रोमनांनी ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितली, कारण असे वागणारा वारंवार भेटत नव्हता. त्याच काळात कायदे लिहायला दहा जणांचे मंडळ नेमले होते. त्यांनी बारा कोष्टके लिहिली, उत्तम लिहिली, आणि मुदत संपल्यावर उठायला नकार दिला. त्यांना उठवायला लोकांना पुन्हा शहर सोडावे लागले. कायदा लिहिणाऱ्यालाही मुदतीचे कलम स्वतःसाठी आहे हे पटकन कळत नाही.

पुण्याची आणीबाणी ३० ऑगस्ट १७७३ ला आली. नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी खुनाचा ठपका असलेल्या चुलत्याला, राघोबादादांना, तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. मग सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके आदी कारभारी एकत्र आले, ते बारभाई. पोटातल्या वारसाच्या नावाने त्यांनी राज्य राखले. १७७४ च्या एप्रिलमध्ये पुरंदरावर मूल जन्मले आणि चाळीस दिवसांचे असताना पेशवा झाले. बारभाईंनी केले ते धाडसाचे होते आणि राज्य त्यामुळे वाचले, हे मान्य करावे. फक्त मूल मोठे झाल्यावर कारभार कोणत्या तारखेला त्याच्या हाती द्यायचा, हे कुठेही लिहिले नव्हते. सवाई माधवराव १७९५ मध्ये एकविसाव्या वर्षी वारले, तोवर सूत्रे नानांकडेच होती.

ताजे उदाहरण हवे असल्यास: २०२२ च्या मार्चमध्ये पुणे महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक झाली नाही आणि तीन वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकाने चालवले. रोमच्या सहा महिन्यांशी तुलना करण्याआधी पाणी प्यावे.

शंका-समाधान

*माझ्या शहराच्या स्थापनेच्या नोंदी जळाल्या आहेत. काय करू?* अभिनंदन. गॉल लोकांनी रोम जाळले तेव्हा जुने कागदही गेले असे सांगतात, म्हणून त्यांच्या सुरुवातीच्या कथा इतक्या देखण्या आहेत. पुण्याचे दप्तर बरेचसे शिल्लक राहिले, त्यामुळे शनिवारवाड्याला १६,११० रुपये खर्च आला हे सांगावे लागते.

*सामान्य माणसाला शहराच्या कारभारात बसायला किती वेळ लागतो?* रोममध्ये कॉन्सलपद सामान्यांना खुले व्हायला, राजा गेल्यापासून, सुमारे १४० वर्षे लागली. पुण्यात नगरपालिका १८५७ ची. सुरुवातीला सभासद सरकारने नेमलेले असत. १८७६ मध्ये जोतीराव फुले तिथे जाऊन बसले तेही नेमणुकीनेच. ज्यांच्या नावाची ओळ महजरावर नव्हती, त्यांच्या बाजूने बोलणारा माणूस सभागृहात आला. महानगरपालिका १९५० मध्ये झाली.

*एवढे सगळे करून शहर टिकेल का?* रोमचे प्रजासत्ताक साडेचारशेहून अधिक वर्षे टिकले आणि सीझर तहहयात डिक्टेटर झाला त्या सुमारास संपले. पेशवाई १८१८ मध्ये संपली. शहरे दोन्ही आहेत. शहर मोडायला गाढवांचा नांगर लागतो. राज्य मोडायला खुर्चीची तारीख खोडली तरी पुरते.

स्वाध्याय

१. जोड्या लावा: गिधाडे, ससा, लांडगी, पहार. (एक जोडी जुळणार नाही. ती मुरार जगदेवाची.)

२. कारणे द्या: राजाला साताऱ्यास ठेवणे त्याला हाकलण्यापेक्षा स्वस्त पडते.

३. योग्य पर्याय निवडा. मुदत संपण्याआधी आपण होऊन पद कोणी सोडले? (अ) रोम्युलस (आ) दहा जणांचे मंडळ (इ) बारभाई (ई) नांगर धरलेला शेतकरी.

४. प्रात्यक्षिक: आपल्या सोसायटीच्या अध्यक्षांना त्यांची मुदत कोणत्या तारखेला संपते ते विचारा आणि लेखी उत्तर आणा. गुण दहा, त्यांपैकी विचारल्याबद्दल पाच.